मामाचा चिक्कूपणा

मागच्या पावसाळ्यात मी मामाच्या मेंढरांच्या लेंड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून रात्रीच्या बसनं चिकोडीहून बेंगळुरूला नेल्या. एकवीस पिशव्या, प्रत्येकीवर मार्करनं नंबर, आतली हवा दाबून काढलेली. एसी बसचं तिकीट मुद्दाम काढलं नव्हतं, कारण ज्या जंताची अंडी मला जिवंत हवी होती ती गारठ्यात मरतात, फ्रिजमध्ये ठेवलेलं सॅम्पल म्हणजे फुकट गेलेलं सॅम्पल. म्हणून मामीनं दिलेल्या जुन्या घोंगड्यात सगळं गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, एन अक्का इदु? हे काय अक्का? मी म्हटलं, गोब्बर. खत. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा घोंगड्याकडं, आणि पुढं गेला. खोटं नव्हतंच म्हणा ते.

निघताना मामा म्हणाला होता, "शिकून शिकून शेवटी लेंड्याच गोळा कराय लागलीस की गं."

माझं काम तसं कॉम्प्युटरवरचं. लॅबमध्ये बाकीचे लोक लेंड्या उबवतात, आठवडाभरात त्यातून अळ्या निघतात, अळ्यांचा डीएनए काढतात, मशीनमधून तो वाचून येतो, आणि मग अक्षरांच्या लांबच्या लांब फायली माझ्याकडं येतात. त्या फायलींमध्ये मी जंतांचं हस्ताक्षर ओळखत बसते असं मी घरी सांगते, आईला ते पटतं. पण ह्या वेळच्या लेंड्या आमच्याच मेंढरांच्या होत्या आणि त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळून घ्यायची होती जी खरं तर मला आधीच माहीत होती, फक्त कबूल करायची नव्हती. ती शेवटी सांगावी म्हणत होते पण नको, आत्ताच सांगते. मामाची मेंढरं जंतानं मेली त्यात माझा हात आहे.

जंताचं नाव हिमाँकस कॉन्टॉर्टस. मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो. मादी दोन-तीन सेंटीमीटरची, रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि त्याच्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा पीळ. इंग्रजीत ह्याला न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावरून नाव पडलंय, आमच्याकडं असला खांब कुठल्या न्हाव्याच्या दारात कुणी बघितलाय, मला तर तो बारक्या पोराच्या कमरेच्या पीळ घातलेल्या करगोट्यासारखा दिसतो. एक जंत दिवसाला ०.०५ मिलीलिटर रक्त खातो. ऐकायला काहीच नाही. पण एका मेंढीच्या पोटात ५,००० जंत असले तर रोजचं पाव लिटर रक्त झालं, आणि पाव लिटर रक्त रोज द्यायला मेंढीत किती रक्त असतं. एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते, ती लेंडीतून शिवारात पडतात, उबदार ओल मिळाली की अळ्या होतात आणि दवाच्या पाण्यातून गवताच्या पात्यावर चढून बसतात. सकाळचं दव वाळल्याशिवाय मेंढरं सोडायची नाहीत हे मामा त्याच्या आज्ज्याकडून शिकला, आज्ज्याला अळी माहीत नव्हती.

रक्त कमी झालं की मेंढीच्या जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबते, आणि डोळ्याची खालची पापणी उलटून बघितली तर आतनं गुलाबी असायची ती पांढरीफट्ट दिसते. मामा पहिल्यापासून पापणी बघायचा. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, संध्याकाळी मेंढरं आली की एकेकीचं तोंड धरायचं, अंगठ्यानं पापणी खाली ओढायची, सोडून द्यायची. ज्या चार-सहा पांढऱ्या निघतील त्यांनाच जंताचं औषध. बाकीच्यांना नाही. कारण सरळ होतं, औषधाला पैसे पडतात. आमच्या मामाचा चिक्कूपणा चार गावांत माहीत आहे, चहात साखर विरघळायच्या आत चमचा काढून घेतो असं मामीच म्हणते. "धडधाकट मेंढराला औषध कशाला पाजायचं? त्याला काय झालंय?"

मी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत आले आणि हे बघून मला इतका राग आला. मी त्याला वहीत तक्ता आखून दिला, वर्षातून चार वेळा, सगळ्या कळपाला, एकही सोडायची नाही, पावसाआधी एक, पावसात दोन, नंतर एक, अल्बेंडाझोल नावाचं जंताचं औषध, वजनाप्रमाणे. आणि पाजलं की लगेच चरायची जागा बदलायची, ताज्या गवतावर न्यायची, म्हणजे परत जंत लागणार नाहीत. हे मला कुणी चुकीचं शिकवलं असं नाही, तेव्हा बऱ्याच ठिकाणी हेच सांगत होते. मामा कुरकुरला, पण भाची इंग्रजीत शिकलेली, ऐकलं त्यानं. पहिली दोन वर्षं मेंढरं अशी काही टकाटक दिसायला लागली की मामानं बाजारात माझं नाव सांगितलं. मग कधीतरी औषध पाजूनही पापणी पांढरीच राहायला लागली. मामानं डोस वाढवला. मग एका पावसाळ्यात कोकरं गेली, आधी कोकरं, मग दोन गाभण मेंढ्या. मला फोनवर त्यानं एवढंच सांगितलं की औषध नकली असंल.

औषध नकली नव्हतं.

अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. पेशीच्या आत जो सांगाडा असतो, मांडवाला वासे असतात तसा, तो ह्या ट्युब्युलिनचा बनतो. औषध चिकटलं की वासे जोडले जात नाहीत आणि जंत उपाशी मरतो. हे प्रथिन ज्या जीनमध्ये लिहिलेलं असतं त्यात २०० व्या जागेवर तीन अक्षरं असतात, टी-टी-सी. काही जंतांमध्ये तिथं टी-ए-सी असतं. एका अक्षराचा फरक. त्यानं प्रथिनाची जी खोबण औषधाला बसायला बरोबर मापाची होती ती बदलते, औषध बसत नाही, जंताचं पोट भरत राहतं. हे १९९४ सालापासून माहीत आहे, म्हणजे मी मामाला तक्ता आखून दिला त्याच्या कितीतरी आधी.

आणि लोक इथं एक चूक करतात, मीही करत होते, की औषधानं जंत बदलला. औषधानं काही बदलत नाही. टी-ए-सी वाला जंत कळपात आधीपासून होता, हजारांत कुठंतरी एखादा, त्याला त्याचा काही फायदाही नव्हता. मी सगळ्या मेंढरांना एकदम औषध पाजायला लावलं तेव्हा बाकीचे मेले आणि तो एकटा राहिला, आणि वर त्याला मी ताज्या गवतावर नेऊन सोडलं जिथं लग्नाला दुसरा कुठलाच जंत नव्हता. मामी दरवर्षी शाळूची चांगली चांगली कणसं निवडून बियाण्याला बाजूला टांगून ठेवते ना, तसं मी चार हंगाम वर्षाला ह्या प्रमाणात जंताचं बियाणं निवडत होते. मामीपेक्षा माझी निवड जास्त कडक.

मामाच्या जुन्या पद्धतीत काय व्हायचं, ज्या मेंढ्यांना औषध दिलंच नाही त्यांच्या पोटात औषधाला मरणारे जंत शिल्लक राहायचे. शिवारात त्यांची अंडी पडायची, टी-ए-सी वाल्यांशी मिसळायची, आणि औषध कामाचं राहायचं. ह्याला आता मोठं नाव आहे, रेफ्युजिया, म्हणजे आसरा. दक्षिण आफ्रिकेत तर पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ताच केलाय, लालभडकपासून पांढऱ्यापर्यंत, फामाचा म्हणतात त्याला, पहिल्या पायऱ्यांना औषध द्यायचं नाही, शेवटच्यांना द्यायचं. मी हे पहिल्यांदा एका सेमिनारमध्ये ऐकलं तेव्हा पडद्यावर एक बाई मेंढीची पापणी अंगठ्यानं खाली ओढत होती. मी उठून बाहेर गेले आणि थोडा वेळ कॅन्टीनमध्ये बसले.

हिमाँकसचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, पहिल्यांदा २०१३ मध्ये आला, दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी छापला, आणि दोन्ही जरा तुकड्या-तुकड्यांचे होते कारण हा जंत एकसारखा नसतोच. एकाच मेंढीच्या पोटातले दोन जंत एकमेकांपासून इतके वेगळे असतात की जुळवाजुळव करणाऱ्याचा जीव जातो, मी केलीय म्हणून सांगते. २०२० मध्ये गुणसूत्रं सलग लावून झाली, सहा गुणसूत्रं, सुमारे २८.३ कोटी अक्षरं. मधे २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिनला न मरणारे जंत आणि मरणारे जंत यांचा संकर करून बघितला तेव्हा फरकाची सगळी बोटं पाचव्या गुणसूत्राच्या एकाच भागाकडं जात होती. आयव्हरमेक्टिन म्हणजे जपानमधल्या एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून आलेलं औषध, ओमुरा आणि कॅम्पबेल यांना त्याच्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, १९८१ पासून जनावरांत वापरतात. मामा सध्या तेच टोचतो. ते चाललंय अजून. म्हणूनच एवढी धावपळ.

आता गव्हाचं. ह्याचा मेंढरांशी काय संबंध म्हणाल तर आमच्याकडं आहे, रानात मेंढरं बसवतात, दोन-तीन रात्री कळप बसला की रानाला लेंडीखत मिळतं आणि मालक धान्य देतो, आणि मामाला मिळणाऱ्या धान्यात बऱ्याचदा खपली गहू असतो. पण माझ्यासाठी संबंध दुसराच निघाला.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा गव्हाच्या तांबेऱ्यावर, म्हणजे गव्हावर पडणाऱ्या बुरशीच्या रोगावर, काम करतो. बिहारचा आहे, आम्ही दोघं तिसऱ्याच भाषेत बोलतो. एकदा त्याच्या स्क्रीनवर एक जुना तक्ता उघडा होता, आडव्या ओळीत गव्हाच्या जातींची नावं, लिटल क्लब, मार्क्विस, रिलायन्स, कोटा, असं करत करत बारा नावं, आणि शेवटच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत खपली. मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. म्हटलं हे काय आहे? तो म्हणाला ये कोई इंडियन एमर है, क्यों? एमर म्हणजे टरफल न सुटणारा गहू. मी म्हटलं, कोई नहीं, याची माझी आई खीर करते.

तर गोष्ट अशी की अमेरिकेत मिनेसोटाच्या स्टॅकमन नावाच्या शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी तांबेऱ्याच्या जाती ओळखायला गव्हाच्या ह्या बारा जातींचा संच केला. कुठलाही तांबेरा आला की ह्या बाराही रोपांवर टाकायचा आणि कुणाला लागतो, कुणाला लागत नाही यावरून त्या तांबेऱ्याला नंबर द्यायचा. १९२२ मध्ये हा संच छापला गेला. पुढं कितीतरी वर्षं जगभरात तांबेऱ्याची ओळख ह्या बारांवर होत राहिली, आणि शेवटच्या रकान्यात आमचा खपली बसून राहिला. ह्या गव्हाचं टरफल दाण्याला असं घट्ट धरून बसतं की मळणी करूनही निघत नाही, कांडावंच लागतं, जखमेवरची खपली नखानं काढावी तसं, माझ्या मते नावही त्यातूनच आलं असणार. कन्नडमध्ये त्याला जवे गोदी म्हणतात. आमच्या रानात काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आई अजून बांधाकडंच्या चार काकऱ्या खपलीच्या टाकते, बाकी सगळं ऊस आणि सोयाबीन. शेवयांना खपलीच लागते, आणि जत्रेला हुग्गी. रात्रभर भिजवलेला कांडलेला खपली, गूळ, खोबरं, खसखस, वेलदोडा, आणि चुलीवर तासन्‌तास. दुसऱ्या गव्हाची हुग्गी लगदा होते. दादा दरवर्षी म्हणतो त्या चार काकऱ्यांत काय येतंय, आई दरवर्षी म्हणते हुग्गी येती.

ह्या खपलीत खोडावरच्या तांबेऱ्याला तोंड देणारे जीन आहेत. सिडनीच्या वॉटरहाउस यांनी खपलीचा त्यांच्या गव्हाशी संकर करून खपस्टीन नावाचा गहू काढला, नाव ऐका, खप आणि स्टीन, आमची अर्धी खपली तिकडं आडनाव लावून फिरतीय. त्या वंशातून एसआर-१३ नावाच्या जीनची ओळख झाली. नंतर १९९८ मध्ये युगांडात एक तांबेरा सापडला, त्याला पुढं यूजी-९९ म्हणायला लागले, तो सगळीकडं वापरात असलेल्या एसआर-३१ ह्या जीनला फोडून आत आला आणि गहूवाले घाबरले, हरितक्रांतीवाले नॉर्मन बोरलॉग म्हातारपणी पुन्हा उठून ओरडायला लागले. एसआर-१३ त्या तांबेऱ्याला थोपवतो, आणि उन्हाळ्यासारखी ऊब असली की जास्त चांगला थोपवतो. २०१७ मध्ये हा जीन नेमका कुठं आहे, काय अक्षरांचा आहे, हे शोधून काढलं.

त्याच आठवड्यात माझी फाईल आली होती. मामाच्या लेंड्यांची. २०० व्या जागेवर जिकडं बघावं तिकडं टी-ए-सी. माझ्या स्क्रीनवर प्रतिकार आणि शेजारच्या स्क्रीनवर प्रतिकार. इंग्रजीत दोन्हीला रेझिस्टन्सच म्हणतात. शेजारच्या मुलाला तो गव्हात सापडला की तो पेढे वाटतो, मला तो जंतात सापडला की मी घरी फोन करायला घाबरते. आणि दोन्ही गोष्टी अगदी एकच आहेत, कुणीतरी मारायला आलं आणि सरमिसळ गर्दीत एखाद्याजवळ वेगळं अक्षर होतं. खपलीला ते अक्षर बांधाकडंच्या चार काकऱ्यांत ठेवून घेता आलं कारण आईला हुग्गी हवी होती. जंतांच्या गर्दीतले साधे जंत मी ठेवले नाहीत कारण मला सगळं स्वच्छ हवं होतं.

तांबेरापण स्वस्थ बसत नाही म्हणा. त्याच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रकं असतात, नवरा-बायकोनं एका खोलीत राहावं तशी, आणि २०१९ मध्ये कळलं की यूजी-९९ मधलं एक अख्खं केंद्रक दुसऱ्याच एका जुन्या तांबेऱ्याकडून जसंच्या तसं उचलून आणलेलं आहे, लग्नबिग्न काही नाही, शेजारच्या घरातून एक माणूस सरळ उठून इकडं राहायला आला. इथिओपियात एसआर-१३ ला चुकवणारे तांबेरे सापडलेत. म्हणजे खपलीचा एकच जीन घेऊन सगळ्या गव्हांत घातला तर मामाच्या कळपाचं जे झालं तेच तिथं होणार, वेळ कमी-जास्त. शेजारचा मुलगा म्हणून दोन-तीन जीन एकत्र बांधायच्या मागं आहे.

आणि हा तांबेरा आपल्याकडं येतो कुठून? आग्र्याच्या कॉलेजातले करम चंद मेहता ह्यांनी आयुष्य घालून हे शोधलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तो मरतो, डोंगरावर जगतो. खोडावरचा काळा तांबेरा निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत टिकून राहतो आणि पेरण्या झाल्या की वारा-वादळाबरोबर कर्नाटकावरून वर सरकतो. म्हणजे आमचा पट्टा त्याच्या वाटेवरचाच. बोर्डावर कुठली भाषा आधी ह्यावरून आमच्याकडं अजून मोर्चे निघतात, तांबेऱ्याला काही फरक पडत नाही. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं खपलीच्या बुटक्या जाती काढल्यात, डीडीके-१०२५, डीडीके-१०२९, वाऱ्यानं लोळत नाहीत. आईला मी बियाणं आणून दिलं तर तिनं विचारलं हुग्गी कशी होती ह्याची. मी म्हटलं करून बघ. तिनं दोन काकऱ्या नव्या टाकल्या, दोन जुन्याच ठेवल्या. मी काही बोलले नाही. मी आता अशा बाबतीत बोलायचं कमी केलंय.

दिवाळीला घरी गेले. रिपोर्ट मामाला कसा सांगायचा हे बसमध्ये पाठ करत गेले. वाडा तेव्हा नदीकडंच्या एका रानात बसला होता, ऊस तुटून गेलेलं रान, मामी चूल पेटवत होती. मी सांगितलं. अक्षर वगैरे काही नाही, एवढंच की ते पांढरं औषध, अल्बेंडाझोल, आता आपल्या मेंढरांना लागू नाही, आणि ते माझ्या तक्त्यामुळं झालं, आणि आयव्हरमेक्टिन टिकवायचं असेल तर सगळ्यांना टोचायचं नाही, पापणी बघून फक्त पांढऱ्यांना, बाकीच्यांना सोडून द्यायचं, आणि टोचल्या-टोचल्या लगेच रान बदलायचं नाही.

मामा बराच वेळ गप्प बसला. काठीनं माती उकरत होता.

"म्हंजे आदी करत हुतो तसं."

"व्हय."

"मग त्यो तक्ता?"

"फाडून टाक."

"वही नवी हाय. मागं हिशोब लिवलाय." तो उठला. "कोकरं किती गेली त्या वर्साला, आठवतंय तुला?"

मला आठवत होतं. मी आकडा सांगितला. त्यानं मान हलवली, त्याच्या हिशोबात दोन जास्त होती, मला त्यानं कमी सांगितली होती तेव्हा.

मी बॅगेतनं तो पाच रंगांचा तक्ता काढला, लॅबमध्ये रंगीत प्रिंट मारून लॅमिनेट करून आणलेला. त्यानं हातात घेतला, उन्हाकडं धरला, उलटा करून मागची बाजू बघितली. प्रिंटला किती पडले विचारलं आणि तक्ता परत माझ्याकडं दिला. मग मेंढरांत शिरला, एक शिंगं नसलेली ठिपक्याची मेंढी पायांत धरली, अंगठ्यानं पापणी खाली ओढली. तक्ता माझ्याच हातात होता, त्याच्याकडं त्यानं बघितलंही नाही. मी बघितलं, दोन नंबर. सोडून दिली. दुसरी धरली. सोडून दिली. चौथीच्या की पाचवीच्या वेळी थांबला, अंगठा तसाच ठेवून माझ्याकडं बघून म्हणाला, "हिकडं ये. तोंड धर हिचं."

पापणी पांढरी होती. मी तक्ता खिशात घातला आणि तोंड धरलं.